डोंगर चढायचा नाही, पण बूट डोंगरातलेच हवेत

एका वाचकाचं पत्र थोडक्यात: रोज ऑफिसला जाऊन-येऊन 6-7 किलोमीटर चालणं होतं. त्यात फुटपाथ, खोदून ठेवलेला रस्ता, स्टेशनचे जिने आणि शेवटी ऑफिसची चकाचक फरशी. दोन वर्षांत तीन साधे स्नीकर्स संपले. एकाची टाच बाहेरच्या बाजूने झिजून तिरकी झाली, एकाला करंगळीपाशी भोक पडलं आणि एक पावसात भिजला म्हणून हीटरजवळ वाळत ठेवला तर पुढून सोल सुटला. आता वैतागून ते ट्रेल शूज, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठीचे बूट घेणार आहेत, खोल ग्रिपवाले आणि वॉटरप्रूफ, म्हणजे एकदाच काय ते घ्यायचं आणि सुटायचं. शिवाय ते दिसतातही भारी, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलंय. पण मोठा भाऊ म्हणतो, "आयुष्यात कधी टेकडी चढला नाहीस, आणि पायात हे? निव्वळ दिखावा." तर प्रश्न असा की शहरात रोज असे बूट घालणं हा वेडेपणा आहे का, वॉटरप्रूफच घ्यावेत का, आणि एका जोडीत सगळं भागेल का.

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्या तीन जोड्यांची हकीकत, जी तुम्ही एका वाक्यात उरकून टाकलीत. तुम्ही त्याचा अर्थ असा लावलाय की साधे स्नीकर्स कच्चे असतात, आता दणकट घेऊ. मला त्यात तीन वेगवेगळी दुखणी दिसतात, आणि डोंगरातला बूट त्यातलं एखादं फार तर अर्धवट बरं करेल.

करंगळीपासून सुरू करू. जाळीला बरोबर करंगळीपाशी भोक पडतं तेव्हा बहुतेक वेळा बूट पायाला अरुंद असतो. करंगळी दिवसभर आतून ढोसण्या देते, प्रत्येक पावलाला थोडी थोडी, आणि एक दिवस कापड हार मानतं. आता त्या जागी तुम्ही ट्रेल शू घेतलात, ज्याच्या जाळीवर बाहेरून प्लास्टिकसारखं जाड आवरण चिकटवलेलं असतं, तर ते फाटणार नाही हे खरं, पण मग हार मानायची पाळी करंगळीची. त्यामुळे तुम्हाला जास्त दणकट बुटापेक्षा जास्त रुंद बूट हवाय, आणि हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही कारण आपण नंबर सांगतो, रुंदी सांगतच नाही. यावर एक सोपी तपासणी आहे, बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. चवडा कडेच्या बाहेर सांडला तर तो बूट तुमचा नाही, मग दिसायला कितीही देखणा असो. अल्ट्रासारखे काही ब्रँड पुढचा भाग बोटांच्या पसाऱ्याप्रमाणे रुंद ठेवतात, फक्त त्यांच्या बऱ्याच बुटांत टाच आणि चवडा एकाच उंचीवर असतात, ज्याला शून्य ड्रॉप म्हणतात. उंच टाचेच्या स्नीकर्सची सवय असलेल्याच्या पोटऱ्या पहिले काही आठवडे त्याने चांगल्या बोलतात, तेव्हा तसे घेतले तर आधी तासभर, मग दोन तास असं हळूहळू वाढवा.

टाचेचं म्हणाल तर बहुतेकांचं पाऊल टाचेच्या बाहेरच्या कडेवरच आधी टेकतं, त्यामुळे तिथे झीज होणं अगदी नेहमीचं आहे. डांबर आणि काँक्रीट म्हणजे सोलसाठी पॉलिश पेपर. आणि गंमत बघा, ओल्या खडकावर चिकटून राहावं म्हणून बऱ्याच ट्रेल शूजचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते मऊ रबर रोज 6-7 किलोमीटर डांबरावर घासलं की कडक रबराच्या साध्या स्नीकरपेक्षाही आधी संपू शकतं. म्हणजे दणकट समजून घेतलेला बूट आधी म्हातारा होणार.

(हीटरवाल्या तिसऱ्या जोडीकडे शेवटी येते, तिच्यासाठी माझ्याकडे चांगली बातमी आहे. टाकून दिली नसेल तर अजून टाकू नका.)

मुळात 'दणकट' हा शब्द बुटांच्या बाबतीत फार फसवा आहे, कारण बूट कुठल्या तरी जमिनीसाठी दणकट असतो. ते खोल दातांचे सोल, ज्यांना लग्स म्हणतात, त्यांचा जन्म आठवा. 1935 साली इटालियन आल्प्समध्ये एका चढाईत सहा गिर्यारोहक दगावले, आणि त्याला पायातली पादत्राणंही कारणीभूत होती असं त्यांच्या सोबतीच्या विताले ब्रामानीला वाटलं. त्याने रबराचा, जाड खाचांचा सोल बनवला आणि 1937 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्या नक्षीचं इटालियन नाव 'कारार्मातो', म्हणजे रणगाडा, कारण सोल खालून बघितला की रणगाड्याच्या पट्ट्यासारखाच दिसतो. आणि त्याच्या नावा-आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडून झालं व्हिब्रम, जे पिवळ्या अष्टकोनी लोगोत आजही सोलखाली दिसतं. तर हे दात कशासाठी, तर माती, बर्फ, खडी यांच्यात रुतायला. दात रुतला तर पकड.

आता तुमच्या ऑफिसच्या लॉबीत काय रुतवणार?

हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी मी पण तुमच्यासारखीच भाळून खूप खोल दातांचे बूट घेतले, आणि पहिल्याच पावसाळी सकाळी एका इमारतीच्या ओल्या ग्रॅनाइटवर दोन्ही पाय एकदम पुढे निघून गेले. हातातली पिशवी एकीकडे, छत्री दुसरीकडे, वॉचमन धावत आला आणि उचलता उचलता म्हणाला, "मॅडम, एवढे चांगले बूट घालून पण पडलात?" चूक बुटांची नव्हतीच. गुळगुळीत कडक फरशीवर पकड येते ती रबराचा किती भाग जमिनीला प्रत्यक्ष टेकतोय आणि ते रबर किती मऊ आहे यावर, आणि लांब लांब बसवलेल्या दातांची टोकंच तेवढी टेकतात. चिखलात जो बूट राजा असतो तो ओल्या टाइलवर बर्फाच्या गोळ्यासारखा घसरतो. सॅलोमनच्या स्पीडक्रॉससारख्या बुटाचे दात 5 मिलिमीटरच्या आसपास असतात, तो बूट चिखलात धावायला काढलाय आणि तिथे तो झकासच आहे. शहरासाठी मात्र 3 ते 4 मिलिमीटरचे, एकमेकांना जवळजवळ चिकटून बसवलेले, माथा सपाट आणि रुंद असलेले दात बघा. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे म्हणून जे बूट विकतात त्यांचे सोल बरेचदा असेच असतात. बघताना बूट उलटा करा आणि स्वतःला विचारा, याचा सपाट भाग जास्त आहे की फटी जास्त आहेत. सपाट भाग जास्त असेल तो घ्या. फटी लांब लांब असलेल्या सोलमध्ये बारीक खडी पण अडकते आणि मग ऑफिसभर कट कट आवाज करत फिरावं लागतं, ते वेगळंच.

बरं, वॉटरप्रूफ.

इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे, कारण पत्रात तुम्ही 'वॉटरप्रूफ तर पाहिजेच' असं लिहिलंय, जणू ते मोफत मिळतं. मोफत म्हणजे पैशाचं नाही म्हणत मी, त्याची किंमत पाय मोजतात. गोअर-टेक्स किंवा तशा बुटात कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो. 1969 मध्ये बॉब गोअर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता, त्या तुटत होत्या, शेवटी वैतागून त्याने एक झटक्यात ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. त्यातून जो पडदा निघाला त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा मोठी, म्हणून बाहेरचं पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना सुंदरच आहे, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. बाहेर दमट आणि गरम असेल तर वाफ जाणार कुठे? मग संध्याकाळी मोजे पिळायची वेळ येते, तेही पावसात न भिजता.

आणि दुसरं म्हणजे घोट्याच्या खाली संपणाऱ्या बुटाला वर एक मोठ्ठं भोक असतंच, जिथून आपण पाय घालतो. साचलेल्या पाण्यात एक पाय पडला की पाणी वरून आत, पॅन्ट भिजली की ती मोज्यातून पाणी आत ओढते, आणि मग जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पायात तळं. साध्या जाळीचा बूट भिजतो लवकर पण चालता चालता पाणी फेकतो आणि रात्रीतून वाळतो, पडद्याचा बूट वाळायला दोन दिवस सहज खातो. तर तुमच्याकडे थंड हवा असेल, पाऊस रिपरिप असेल, सकाळी दवाच्या गवतातून जावं लागत असेल तर वॉटरप्रूफ जरूर घ्या, मजा येईल. हवा गरम असेल किंवा पाऊस धो धो आणि रस्त्यावर पाणी साचणारं असेल तर जाळीचा बूट घ्या आणि ऑफिसच्या खणात कोरड्या मोज्यांची एक जोडी ठेवा. मोज्यांची जोडी हे जगातलं सगळ्यात स्वस्त वॉटरप्रूफिंग आहे, याच्यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे.

कुशनबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, खरं तर तेच आधी विचारायला हवं होतं. शहर कडक असतं, डोंगरातली माती थोडीफार दबते, काँक्रीट अजिबात दबत नाही. पुष्कळ ट्रेल शूजमध्ये दगडाची टोकं टोचू नयेत म्हणून सोलच्या मध्ये एक पातळ कडक पट्टी असते आणि फोमही जरा घट्ट असतो. पाच मिनिटं घालून बघाल तेव्हा तो बूट कसा एकदम भक्कम वाटेल, पण प्लॅटफॉर्मवर अर्धा तास उभं राहिलात की टाचा बोलायला लागतात. सॅलोमनचा एक्सटी-6, जो आज कॅफेत दिसतो, तो 2013 मध्ये लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींसाठी आला होता, धावणाऱ्याच्या पायाला वाकड्यातिकड्या जमिनीवर आधार मिळावा म्हणून. तो शहरात वाईट नाही, पण मऊ गादीची अपेक्षा ठेवून घेतला तर निराशा होईल. उलट होका या ब्रँडचे बूट मऊ आणि उंच, काँक्रीटवर सुखाचे, पण सोल उंच असल्याने ज्यांचा पाय खड्ड्यात सहज मुरगळतो त्यांनी आधी नीट चालून बघावं. तुमचा रस्ता खोदलेला आहे म्हणता, तेव्हा अति उंच नको असं माझं मत.

लेसबद्दल एक बारीक गोष्ट. काही ब्रँडमध्ये गाठ नसते, एक बारीक मजबूत दोरी ओढायची, बटण सरकवायचं आणि उरलेली दोरी जिभेवरच्या छोट्या खिशात कोंबायची. घाईच्या सकाळी हे वरदान आहे. पण त्यात सगळीकडे ताण सारखाच बसतो, चवड्याकडे सैल आणि घोट्याकडे घट्ट असं नीट करता येत नाही. तुमचा चवडा रुंद आहे, त्यामुळे तुम्हाला साधी नाडीच बरी, तुटली तर कुठलीही आणून घालता येते.

आता एका जोडीत सगळं भागेल का. भागेल, पण मग तिचं आयुष्य तुम्ही अर्ध्यावर आणताय. दिवसभरात बूट आतून घामाने भिजतो, फोम दबतो, त्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. एका दिवसाआड घातला तर तो कोरडा होतो, वासही मारत नाही. त्यामुळे 'एकदाच काय ते घेऊन सुटू' या विचाराला माझा विरोध आहे, एक महागडी जोडी रोज रगडण्यापेक्षा दोन मध्यम जोड्या आलटून पालटून घाला. याच्या उलटी चूक पण सांगते, ती माझ्या एका मैत्रिणीने केली, चांगले हायकिंग बूट 'खास वेळेसाठी' म्हणून खोक्यात जपून ठेवले आणि काही वर्षांनी काढले तर सोलचा भुगा होऊन पडला, न वापरताच. पॉलियुरेथेनचे सोल हवेतल्या ओलाव्याने हळूहळू आतून विरतात, घातले काय न घातले काय. बूट घ्या आणि घाला.

दुकानात जायचं तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेच खरं माप. रोजचेच मोजे घालून जा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, आणि सगळ्यात लांब बोट प्रत्येकाचा अंगठाच असतो असं नाही, माझं तर दुसरं आहे. बूट हातात घेऊन वाकवा, तो चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे, मधोमध वाकत असेल तर परत ठेवा. ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तरी परत ठेवा. मग जिना असेल तर तो उतरून बघा, चढताना सगळेच बूट चांगले वाटतात, उतरताना बोटं पुढे आपटली की कळतं. ऑनलाइन मागवलात तर घरातच फरशीवरून ओलसर फडकं फिरवा, भिंतीला हात धरून त्यावर उभे राहा आणि पाय जरा पुढे सरकवून बघा. सोल स्वच्छच राहतो, पाठवायची वेळ आली तर परत पाठवता येतो.

आणि टाच थोडी चावेल, काही दिवसांनी सुटेल, या भरवशावर राहू नका. जाड चामड्याचे बूट पायाप्रमाणे थोडे सैलावतात, हे प्लास्टिकच्या आवरणाचे फारसे सैलावत नाहीत. पहिल्या दिवशी चावला तो विसाव्या दिवशीही चावणार.

रंगाचं एक सांगून टाकते. फोटोत ते भडक, चार रंगांचे बूट भारी दिसतात, पण ऑफिसच्या पॅन्टखाली रोज घालायचे असतील तर पूर्ण काळा किंवा मातकट राखाडी घ्या, सोलसकट. पांढरा फोम आठवड्यात मळतो आणि जाळीतली माती घासून निघते तशी फोममधली निघत नाही. पॅन्ट घोट्यापाशी थोडी अरुंद असेल तर हे जाडजूड बूट शोभतात, खाली रुंद पॅन्ट असेल तर ती बुटाच्या जिभेवर अडकून बसते आणि दर चार पावलांनी झटकावी लागते.

तर दादाला काय सांगायचं? दिखावा आहे का, तर थोडा आहे, मग काय झालं. हौसेला मोल नसतं. या सगळ्या फॅशनला 2017 पासून गोर्पकोअर असं नावसुद्धा आहे, आणि ते घालणाऱ्यातले बहुतेक जण डोंगरावर जात नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, बूट बनवणाऱ्यांना तर सगळ्यात आधी. पाण्यात सूर मारणाऱ्यांसाठी बनवलेली घड्याळं लोक लग्नात घालतातच की. दादाचा मुद्दा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, फक्त तो प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारतोय. तुम्ही डोंगर चढता का याच्याशी मला देणंघेणं नाही, तुमचा रस्ता, जिना आणि फरशी त्या बुटाला झेपते का एवढंच बघा. मला विचाराल तर तुमच्यासाठी: जाळीचा, वॉटरप्रूफ नसलेला, पुढून रुंद, जवळजवळ बसवलेल्या 3-4 मिलिमीटर दातांचा, टाचेखाली जरा कडक रबर असलेला, साध्या नाडीचा, काळा. दिसायला तो डोंगरातलाच दिसेल, काळजी करू नका.

आणि आता ती तिसरी जोडी. तिचा वरचा भाग धड आहे, सोलही झिजलेला नाही, फक्त पुढून सुटलाय. बहुतेक बुटांचे सोल उष्णतेने मऊ पडणाऱ्या गोंदानेच चिकटवलेले असतात, ट्रेल शूजचेही, त्यामुळे हीटरने तुमच्या बुटाचं नुकसान केलं म्हणण्यापेक्षा त्याने फक्त गोंद सोडवला. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेलात तर ते तासाभराचं काम आहे. घरी करायचं असेल तर जुना गोंद खरवडून काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खडबडीत करा, बुटांसाठीचा लवचीक गोंद दोन्हीकडे लावा, ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग दाबा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने घट्ट गुंडाळून पूर्ण दिवस ठेवा. झटपट चिकटणारा तो छोट्या बाटलीतला गोंद वापरू नका, तो कडक होतो आणि वाकल्यावर तडकतो. एवढं केलंत की नव्या बुटाला आलटून पालटून घालायची दुसरी जोडी घरातच तयार. पुढच्या वेळी भिजली की आतला सोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, आणि पंख्याखाली ठेवा.